गहिनीनाथांच्या गालावरचा आवाज

मी एक जुने आवाजयंत्र आहे. दिसायला टॉर्चसारखे, पण माझ्यातून उजेड पडत नाही. बटण दाबले की माझी चकती थरथरते आणि भुणभुण सुरू होते. आजारामुळे ज्यांचे स्वरयंत्र काढून टाकावे लागते, ती माणसे मला गळ्याला टेकवतात आणि ओठ, जीभ हलवतात. आवाज माझा असतो, शब्द त्यांचे. मित्रांनो, एकट्याने मला एक अक्षरही बोलता येत नाही.

कारखान्यात माझी जुळणी झाली आणि शहरातल्या एका महाविद्यालयाने मला विकत घेतले. तिथे बोलण्यातल्या अडचणींवर उपचार करायला शिकवतात. सुरुवातीला एक निवृत्त वकील मला वापरत. माझ्यामार्फत ते कडाकडा भांडतसुद्धा, आणि लोक माझे कौतुक करत. ते वारल्यावर त्यांच्या मुलाने मला परत आणून दिले. मग मी कपाटात पडून राहिलो. परीक्षेच्या आधी विद्यार्थी मला बाहेर काढत, गळ्याला लावून एकमेकांना घाबरवत आणि परत ठेवून देत. त्याचे मला दुःख झाले असे म्हणणार नाही. यंत्राला वाट पाहता येते.

संस्कृती त्याच महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. ती मूळची घाटनांदूरची. तिला उशिरा बोलू लागणाऱ्या लहान मुलांसोबतच काम करायचे होते, आणि हे तिने पहिल्या वर्षापासून सगळ्यांना सांगून ठेवले होते. केजला महाविद्यालयाचे वाचा-तपासणीचे शिबिर ठरले तेव्हा तिने पेटीत बाहुल्या, शिट्ट्या आणि चित्रांची कार्डे भरली. तिच्या मार्गदर्शक सुनिता मॅडमनी वरून मला ठेवले.

"हे कशाला, मॅडम?"

"असू दे. जड नाही ते."

शिबिरात गहिनीनाथ आले. ते ऊसतोड टोळीचे मुकादम. तंबाखूने त्यांचा गळा नासला होता आणि शस्त्रक्रियेत आवाज गेला होता. गळ्यावर रुमाल, रुमालाखाली श्वासासाठी ठेवलेले भोक. सोबत त्यांची बायको भिवराबाई.

संस्कृतीने त्यांच्यापुढे पाटी धरली. "काका, आता लिहून सांगत जा."

त्यांनी सुबक अक्षरात नाव-गाव लिहिले. भिवराबाईंनी पाटीकडे पाहिले आणि नजर वळवली.

"मला वाचाया येत न्हाई, ताई. घरी बी ते लिव्हत्यात, मी नुसती बघती."

संस्कृतीने पाटी बाजूला ठेवली. मग तिने पेटीतून मला काढले आणि गहिनीनाथांच्या गळ्याला लावले. पण उपचारांनी त्यांच्या गळ्याची कातडी लाकडासारखी झाली होती. माझा आवाज आत शिरेना. नुसती भुणभुण बाहेर पडली. शिबिरातली पोरे खदाखदा हसली. गहिनीनाथांनी मला बाजूला ढकलले आणि ते तरातरा निघून गेले. भिवराबाई त्यांच्या मागे धावल्या.

मित्रांनो, संस्कृतीने मला पुन्हा कपाटात ठेवले असते तर कोणी विचारले नसते. तिने मला खोलीवर नेले. आरशासमोर बसून, श्वास रोखून, ती मला स्वतःच्या गळ्याला, हनुवटीखाली, गालाला लावून पाहत राहिली.

पुढच्या सुट्टीत ती जीपने चौसाळ्याजवळच्या त्यांच्या गावी गेली. तिला पाहताच गहिनीनाथ पाठ फिरवून बसले. त्यांचे ओठ हलले.

"'जा' म्हणत्यात," भिवराबाई म्हणाल्या. "एवढं कळतं मला."

"जाते, काका. पर एकडाव गालाला लावून बघू. इथं हसायला कुणी न्हाई."

ते हलले नाहीत. 'नाही' असेही त्यांनी खुणावले नाही. संस्कृतीने मला त्यांच्या गालावर टेकवले. भुणभुण. थोडे खाली सरकवले. पुन्हा भुणभुण. मग जबड्याच्या वर, एका मऊ जागी ती थांबली. "एक म्हणा, काका."

"एक."

ते स्वतःच दचकले. त्यांनी मला तिच्या हातातून घेतले, ती जागा चाचपून पक्की केली आणि बायकोकडे वळून सावकाश बोलले,

"अगं, चहा लई गोड करतीस तू."

भिवराबाईंनी मान वर केली. "मग कावून पिलात इतके दिस?"

"सांगू कसं?"

त्या उठून आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला, पण चहा काही आला नाही. संस्कृती ओट्यावर बसून राहिली. घाईने उठावे असे तिला वाटले नसावे.

परत गेल्यावर तिने मॅडमना सांगितले, "मला अशा माणसांसोबत काम करायचंय."

"आणि लहान मुलं?"

"ती आवडतातच. पण हे मला सोडवत नाही."

"यात कौतुक कमी, बरं का. काही जण पुन्हा आजारी पडतात. काही जण येणंच बंद करतात."

"माहीत आहे, मॅडम."

"नाही माहीत. कळेल हळूहळू," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी होकार दिला.

मी आता गहिनीनाथांकडे असतो. माझा आवाज उसाच्या फडापार पोचत नाही, म्हणून टोळी त्यांचा पुतण्या सांभाळतो. गहिनीनाथांना ते आवडत नाही. घरात मात्र ते माझ्यामार्फत पुष्कळ बोलतात, भिवराबाईंशी भांडतातही. फोनवर तेवढी पंचाईत होते. लोकांना वाटते, कुठल्याशा कंपनीचे यंत्र बोलतेय, आणि ते फोन ठेवून देतात. गहिनीनाथ थोडा वेळ थांबतात आणि पुन्हा नंबर लावतात.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, माझे सेल वेळेवर बदला, हे तर मी मागेनच. पण एखाद्या दिवशी तुमच्या फोनवर असा घोगरा, एकसुरी आवाज आला, तर लगेच फोन ठेवू नका. पलीकडे कोणीतरी गालावरची जागा शोधत उभे असेल. त्याचे वाक्य पुरे होऊ द्या.