सुनेचं उत्तर

सासूने चादरीची दोन टोकं मुठीत घट्ट धरली आणि पलीकडे उभ्या सुनेला म्हणाली, "हं, ओढ."

दोघींनी मिळून म्हाताऱ्या सासऱ्याला कुशीवर वळवलं. पाच वर्षं तो असाच पलंगाला खिळून होता. वाकलेल्या सुनेला सरळ व्हायला वेळ लागला. तिचा हात कमरेकडे गेला, पण सासू बघतेय हे दिसताच तोच हात तिने केसांवरून फिरवला.

नर्सने पाठीवरची जखम धुऊन पट्टी बांधली. आठवड्यातून दोनदा ती सरकारी दवाखान्यातून घरी यायची. आज पिशवी बंद करूनही ती दारात रेंगाळली.

"पुढच्या महिन्यापासून माझी फेरी बंद, आजी. या वस्तीतल्या सगळ्याच घरांची."

"का? आम्ही कुणाचं घोडं मारलंय?"

"विद्यापीठाने पाहणी केली होती ना, तिचा अहवाल आला. इथल्या माणसांना घरच्या आजाऱ्याचं करण्याचा भार वाटत नाही, असं निघालंय त्यात. म्हणून आम्हाला दुसरीकडे पाठवतायत."

"भार वाटत नाही! कुठल्या दीडशहाण्याने सांगितलं?"

नर्सने खिडकीबाहेर पाहिलं. सून उशीचा अभ्रा सारखा करत होती. मान वर न करता ती म्हणाली,

"तुम्हीच, आई."

सासूला आठवलं. गेल्या वर्षी विद्यापीठातली बाई याच खोलीत बसून फॉर्मवर खुणा करत होती. मदत लागते का, तिने विचारलं. मदत कशाला, हातपाय धड आहेत आमचे, सासू म्हणाली. मग बाईने सुनेला विचारलं, तेव्हाही सासूच बोलली, तिला कसला त्रास, मी आहे ना. बाई अजून जायची होती त्या घरांतल्या बायकांनी संध्याकाळी जिन्यात विचारलं, तुम्ही काय सांगितलंत? तिने ताठ मानेने सांगितलं. त्यानंतर आपल्याला झेपत नाही असं म्हणायची छाती कुणाची होणार?

दुसऱ्या दिवशी ती भांडायच्या तयारीनेच विद्यापीठात गेली. दोन चुकीची दारं ठोठावून झाली, तिसरं बरोबर निघालं. खोली कागदांनी इतकी भरलेली, की तिला बसवायला बाईला आधी खुर्ची रिकामी करावी लागली.

"बायका काय, तोंडाला येईल ते सांगतात. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्हाला कळू नये?"

बाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शंका आली होती, आजी. सुनेला विचारलं तेव्हा तुम्ही शेजारीच बसला होतात. जरा बाहेर जा, असं म्हणायला हवं होतं मी. धीर झाला नाही."

"मी काय खाणार होते तुम्हाला?"

"तसंच वाटलं."

सासूला हसू आलं, ते तिने गिळलं.

"आरोग्य समिती शुक्रवारी बसतेय," बाई म्हणाली. "तोवर वीस घरांत पुन्हा विचारून झालं, तर माझं चुकलं असं मी स्वतः उभी राहून सांगेन. फेऱ्या वाचतीलही. पण उत्तरं तुमच्या घरांतूनच यायला हवीत. माझ्या मनाने नाही लिहिता येत."

"उद्याच या. माझ्या घरापासून सुरू करा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सासूचा पाय एका जागी ठरेना. तिने दोनदा केर काढला, म्हाताऱ्याची चादर उगाचच सारखी केली, सुनेला म्हणाली, "जे आहे ते सांग हो," आणि लगेच, "फार पाल्हाळ नको."

बाई आली. फॉर्म उघडून सुनेकडे वळली.

"यांचं करताना तुम्हाला कितपत त्रास होतो?"

सून सासूकडे बघत राहिली.

"नाही तसा," ती म्हणाली. "चाललंय."

सासूच्या तोंडाशी शब्द आला होता. ही वाकली की हिची कंबर धरते, झोपेत कण्हते, सगळं तिला माहीत होतं. तिने ओठ मिटले, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि बाहेर जिन्यात येऊन मागे दार ओढून घेतलं.

आत बाईने प्रश्न पुन्हा विचारला. मग सुनेचा आवाज सुरू झाला, आधी अडखळत, मग थांबेचना. मध्येच तो फुटला. सासूचा हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला. थोड्या वेळाने ती चार पायऱ्या खाली उतरली, जिथे शब्द पोचत नव्हते.

शेजारची सून कपड्यांची बादली घेऊन वर येत होती.

"काय हो काकू, स्वतःच्याच घराबाहेर?"

"विद्यापीठातली बाई आलीय. आता तुझ्याकडे येईल."

"मग काय सांगायचं तिला?" शेजारणीने सवयीने विचारलं.

सासूने तिच्या सुजलेल्या मनगटाकडे पाहिलं.

"मला नको विचारूस. ती आली की तुझ्या सासूला माझ्याकडे पाठव. म्हणावं, काकूंनी बोलावलंय, आत्ताच्या आत्ता."