सोनेरी कार्डाचा शेवटचा दिवस

बॉयलर तपासनीस सकाळपासून इतके खुशीत होते, की दाढी करताना शीळ घालत होते. त्या नादात हनुवटी कापली, तरी शीळ थांबली नाही. सासूबाईंच्या वाढदिवसाला विमानानं मेहुण्याच्या गावी जायचं, हे निमित्त. खरं कारण खिशात होतं: विमान कंपनीचं सोनेरी कार्ड. सदस्यत्वाचं वर्ष आज संपत होतं आणि कार्ड सोनेरी राहायला एकच उड्डाण कमी पडत होतं. ते आज संध्याकाळी होणार होतं. हुकलं, तर उद्यापासून रुपेरी. रुपेरी माणूस आणि गर्दी यांत तपासनीसांना फारसा फरक दिसत नसे.

"आईनं जन्मसुद्धा तुमच्या कंपनीला विचारूनच घेतला असेल," बायको बॅग भरताना म्हणाली.

"मुहूर्त चांगला साधलाय त्यांनी," तपासनीस मनापासून म्हणाले.

विमानतळावर साडू आणि मेहुणी भेटले. साडू दातांच्या दवाखान्यांना खुर्च्या विकत. त्यांचं कार्ड प्लॅटिनम, पण दुसऱ्या कंपनीचं. त्यामुळे परक्या विमानात ते पाऊल ठेवत नसत. मेहुणीनं मात्र बहिणीशेजारची जागा घेतली होती. एका घरातून निघालेले नवरा-बायको एकाच गावाला दोन विमानांनी चालले होते, आणि मेहुणी तर भलतीच टवटवीत दिसत होती.

"लाउंजमध्ये चला," तपासनीस म्हणाले. "कार्डावर पाहुणा नेता येतो."

"तिथे कुणी बोलत नाही म्हणे," बायको म्हणाली. "आम्हाला बोलायचंय." दोघी बहिणी गेटपाशी जाऊन बसल्या.

लाउंज दोन्ही कंपन्यांचा एकच होता. साडूंनी आणि तपासनीसांनी एकाच दारात आपापली कार्डं दाखवली, एकसारख्या खुर्च्यांत बसले आणि कुणाचा लाउंज चांगला यावर भांडू लागले.

"माझ्या बॅगेला लाल पट्टी लागते," साडू म्हणाले. "सगळ्यांच्या आधी बाहेर येते."

"मागच्या वेळी तुमची बॅग आलीच नव्हती, साडूभाऊ."

"पण शोधायला सगळ्यांच्या आधी माझीच घेतली!"

"मी फोन केला की मशीन नाही, थेट माणूस बोलतो."

"काय बोलतो?"

"थांबा म्हणतो. पण काय आदरानं!"

"तुमच्यात पाहुणा एक. आमच्यात दोन नेता येतात."

"आणता कुणाला?"

दोघांनी क्षणभर दाराकडे पाहिलं. मग साडूंनी द्राक्षं घेतली.

खास सदस्यांसाठी चार्जिंगचे कप्पे होते. असलेली सोय सोडायची कशी, म्हणून भरलेले फोनही दोघांनी तिथे लावून कुलूपबंद केले. मग पाय पसरून तपासनीस म्हणाले, "आणि ही शांतता! बाहेर सारखा तो भोंगा. इथे एक घोषणा ऐकू आली का?"

"एकही नाही," साडू म्हणाले. "खरा फायदा म्हणाल तर हाच."

दोघांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं. त्या आनंदात त्यांनी आणखी एकेक कॉफी घेतली आणि मग तपासनीसांची नजर घड्याळावर गेली.

कप्प्यांतून फोन ओढून ते धावले. गेट बंद होतं.

"सर, आपण सोनेरी सदस्य, म्हणून आपल्याला खास नावानं पुकारलं," गेटवरची मुलगी म्हणाली. "किती वेळा तरी. पण लाउंजमध्ये घोषणा जात नाहीत. आपल्या शांततेसाठी."

पुढचं विमान उद्या सकाळी. म्हणजे रुपेरी! तपासनीसांनी फोन उघडला. बायकोचा निरोप होता: "तुमची ती पाय पसरायची जागा रिकामी होती, मी बसले. मस्त आहे. इतकी वर्षं बोलला नाहीत ते!"

साडूंचंही विमान गेलं होतं, पण त्यांच्या कंपनीचं आणखी एक थोड्या वेळानं होतं. "चला माझ्याबरोबर!" त्यांनी तपासनीसांना दंडाला धरून आपल्या काउंटरवर नेलं. तपासनीस परक्या कंपनीचं तिकीट काढताना आपलं कार्ड हातात घट्ट धरून, मान खाली घालून उभे होते.

"सर, आपल्याकडे दुसऱ्या कंपनीचं सोनेरी कार्ड आहे?" काउंटरवाल्यानं विचारलं. "चालू असेल, तर आम्ही आमचंही सोनेरीच देतो. चांगली माणसं त्यांच्याकडून आमच्याकडे यावीत म्हणून."

"चालू? अहो, रात्रीपर्यंत धडधडीत चालू आहे!" तपासनीसांनी कार्ड असं आपटलं, की बाजूच्या काउंटरवरचं मूल रडायला लागलं. पाच मिनिटांत ते पुन्हा सोनेरी झाले. वर्षानुवर्षांची निष्ठा कुठे गेली म्हणाल, तर तिच्याकडे बघायला सवड कुणाला होती!

साडूंनी त्यांना कडकडून मिठी मारली. लग्नातसुद्धा मारली नव्हती. तपासनीसांचे डोळे भरून आले.

"आणि सर," काउंटरवाला साडूंना म्हणाला, "नवा सदस्य आणल्याबद्दल आपल्याला पॉइंट्स मिळाले. आपण आता डायमंड! अभिनंदन."

तपासनीसांनी मिठी सोडवली. पण तोवर बोर्डिंग सुरू झालं. आधी डायमंड गेले, म्हणजे एकटे साडू, मागे न बघता. मग सोनेरी. तपासनीस लगबगीनं आत शिरले, साडूंच्या बरोब्बर मागच्या रांगेत बसले आणि दोन खुर्च्यांच्या फटीत तोंड घालून म्हणाले,

"साडूभाऊ, तुमच्या कंपनीत मी मेहुण्याला आणलं, तर मलाही पॉइंट्स मिळतात का हो?"