बुडबुडे पलीकडे गेले

मित्रांनो, मी इको करणारं एक जुनं मशीन आहे. चाकं कुरकुरतात, रंग उडालाय, पण वयावर जाऊ नका. छातीवर माझा गुळगुळीत दांडा टेकवला की आतलं हृदय पडद्यावर दिसतं. चार कप्पे, त्यांची उघडमीट करणारी इवलीशी दारं, आणि माणूस झोपला तरी न थांबणारं काम. इतकी वर्षं पाहतोय, तरी दर वेळी थक्क होतो.

मी नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! मग एक सडपातळ मशीन आलं आणि माझी रवानगी मुलांच्या वॉर्डाशेजारच्या खोलीत झाली. आधी फार वाईट वाटलं. पण तिथेच मला चिऊ भेटली.

चिऊ नऊ वर्षांची. आदल्या सकाळी खाताखाता तिचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. "लहान मुलांना कुठं पक्षाघात होतो?" असं शेजारी म्हणत राहिले. आजोबांनी मात्र तिला उचललं आणि तडक इथे आणलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली होती. ती आली कुठून, हे कळेना. आणि ते कळेपर्यंत दुसरी कधी येईल याचा नेम नव्हता.

डॉक्टरबाईंना हृदयाचा संशय होता. उजव्या आणि डाव्या कप्प्यांमध्ये पडदा असतो. त्याला भोक असेल, तर गुठळी फुप्फुसात गाळली न जाता पलीकडे घुसते आणि मेंदू गाठते. मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं, पण भोक दिसेना. मग त्यांनी सिस्टरला मिठाचं पाणी घुसळून त्यातले बारीक बुडबुडे चिऊच्या शिरेत सोडायला सांगितले.

"फुगा फुगवतेस ना, तसा जोर लाव आणि सोड," त्या म्हणाल्या. जोर सोडताच उजवीकडचा दाब क्षणभर वाढतो, आणि भोक असेल तर बुडबुडे त्यातून पलीकडे जातात. पण वाकड्या तोंडातून हवा फुस्सकन निसटायची. बुडबुडे उजवीकडेच राहिले. चिऊचे डोळे भरून आले.

"सोपंय गं. हे बघ," म्हणत आजोबांनी गाल फुगवले आणि असा जोर लावला, की त्यांची कवळी उडून थेट माझ्या कळांवर पडली.

"अहो बाबा, मशीन त्यांचं आहे!" चिऊची आई ओशाळली.

"आलीच आहे तर तिचाही इको काढा," आजोबा बोळक्या तोंडाने म्हणाले.

चिऊला हसू फुटलं. तोंड अर्धंच हसत होतं, पण पोट गदागदा हलत होतं.

"सिस्टर, आत्ताच सोडा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

उजवे कप्पे पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेले. हसताहसता चिऊला दम लागला, आणि दोन-तीन ठिपके अलगद पडदा ओलांडून डावीकडे गेले. एवढ्याशा भोकाने एवढ्या मुलीला पाडलं होतं, आणि ते आम्हाला तिच्याच हसण्याने दाखवलं होतं!

पुढे रक्त पातळ ठेवायची औषधं सुरू झाली. मग छाती न उघडता, पायाच्या शिरेतून नेलेल्या चिमुकल्या जाळीने भोक बंद केलं. तपासणीला आली तेव्हा चिऊ उजव्या हाताने बटण लावत होती. फार वेळ लागत होता, पण आईला हात लावू देत नव्हती.

मित्रांनो, मला पुसा, जपा, पण त्याआधी एक ऐका. एखाद्या मुलाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर 'झोपेत असेल', 'नाटक करत असेल' असं म्हणत थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. धडधडत्या हृदयातलं भोक मला दिसतं, मित्रांनो. पण मी इथे खोलीत उभा असतो. धावायचं तुम्हालाच आहे.