चाळलेलं पीठ

नामांतराच्या दंगलीत गावातलं घर जळालं आणि आम्ही मानवतला भाड्याच्या खोलीत आलो. हे तिथल्या शाळेत मास्तर. पहिल्याच आठवड्यात यांनी मैद्याची चाळणी आणली आणि मला बजावलं, "ह्या घरात कोंडा शिजायचा न्हाई." लहानपणी शेतमालकाच्या घरून कोंडा मिळायचा, त्याच्या भाकरी यांच्या फडक्यात असायच्या. वर्गातली पोरं यांना 'कोंड्या' म्हणायची. हा माणूस सगळं विसरला, तेवढं विसरला नाही.

सरजाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जन्मभर ज्वारीची भाकर आणि बांधावरची पाथरी, तांदुळजा असल्या रानभाज्या खाऊन जगलेल्या. आता पांढरी पोळी, भात, बटाटा. लेकाची हौस म्हणून निमूट खायच्या आणि चार-चार दिवस पोट धरून बसायच्या. रक्त पडायला लागलं. एक दिवस मला हळूच म्हणाल्या, "सुमन, चाळणीतला कोंडा टाकू नको. माझ्या पोळीत घाल. लय कुंथावं लागायलंय."

मी घातला. जोडीला रोज चुक्याची नाहीतर मेथीची भाजी. पंधरा दिवसांत बाईचा चेहरा खुलला. मीही मनात फुशारले, डॉक्टरकी जमली म्हटलं.

एका दुपारी हे लवकर घरी आले आणि आईच्या ताटातली तांबूस पोळी यांनी पाहिली. "माझ्या मायला ढोराचं खाणं घालायलीस?" आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली. मी म्हणून गेले, "त्यांनीच मागितला." खरं होतं, पण बोलायला नको होतं. सासूबाईंनी लेकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि ताट सरकवलं. त्यानंतर मी चोरून कोंडा घातला, तरी त्या पोळी उजेडात धरून बघायच्या आणि बाजूला ठेवायच्या.

हिवाळ्यात त्यांचं पोट फुगलं. परभणीच्या डॉक्टरांनी एनिमा दिला आणि यांना विचारलं, काय खातात? हे अभिमानानं म्हणाले, "बारीक चाळलेल्या गव्हाची पोळी." डॉक्टर म्हणाले, "मास्तर, पीठ चाळू नका. कोंड्यासकट द्या. पालेभाजी द्या, पाणी भरपूर पाजा."

घरी आल्यावर यांनी चुलीपाशी बसून माझ्याकडून न चाळलेल्या पिठाची पोळी करून घेतली. आईपुढं ताट ठेवलं.

"माय, खा."

"न्हाई बाबा. तुला लाज वाटंल असलं मला काय बी नको."

"न्हाई वाटत," म्हणत यांनी पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. चावत राहिले. घास काही केल्या घशाखाली उतरेना. डोळ्यांत पाणी आलं. शेवटी उठले आणि मोरीत थुंकून आले.

सासूबाई मला म्हणाल्या, "राहू दे. मला पांढरीच वाढ."

पंधरा दिवसांत आतडं अडकून त्या गेल्या. कशानं गेल्या म्हणून कुणी विचारलं, तर हे सांगतात, वय झालं होतं. मीही मान हलवते.