शतावरीचं डोकं

मित्रांनो, मी एक जुनी खुरपी आहे. मूठ बाभळीची, पातं देवास गेटजवळच्या लोहारानं ठोकलेलं. त्या पात्यावर गंजाबरोबर एका वेलीचा गुन्हाही चढला आहे. तो सांगून टाकते.

उज्जैनच्या आमच्या अंगणात अलकाकाकूंनी रानातली शतावरी आणून लावली होती. अंगाला काटे, पण पालवी रेशमाची. दर हिवाळ्यात काकू माझ्याकडून तिची एकाच बाजूची मुळं काढवून घ्यायच्या. दुसरी बाजू पुढच्या वर्षी. मुळं सोलून, वाळवून केलेली पूड गल्लीतल्या बाळंतिणींच्या दुधाच्या पेल्यात पडायची. उकरताना काकू गुणगुणायच्या:

अर्धी मुळं घेते लेकी, अर्धी राहू दे भुईला,
डोकं ठेवते मी जागी, पुन्हा फुटू दे वेलीला.

गेल्या हिवाळ्यात त्यांची लेक शर्वरी बाळंतपणाला माहेरी आली. काकू तिच्यापाशी दवाखान्यात. घरी तात्यांना, म्हणजे काकूंच्या यजमानांना, चैन पडेना. जन्मभर बँकेत बसलेल्या त्या माणसानं मला पहिल्यांदाच हातात घेतलं. लेकीला काही कमी पडू नये म्हणून ते चहूकडून खणत गेले. वेलीच्या डोक्यापाशी, जिथून नवे कोंब फुटतात तिथं, आलो. ती जागा माझ्या ओळखीची होती. तरी मी गेले, आरपार.

काकू परतल्या, तेव्हा तात्यांनी गच्चीवर वाळत घातलेली मुळं मोठ्या कौतुकानं दाखवली.

"डोकं कुठं ठेवलंत?" काकूंनी विचारलं.

"ते तर फेकलं. कचरागाडी घेऊन गेली."

"तीस वर्षं माझी ओवी ऐकताय ना?"

तात्या खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, गाणं आहे."

बरणी काठोकाठ भरली. शेजारच्या बाळंतीण गौरीचंही त्यात भागलं. पण ती शेवटची बरणी. काकू रागावल्या नाहीत, आणि तेच आम्हा दोघांना जड गेलं.

मग तात्यांनी भिंतीकडेला गळलेली त्या वेलीची लाल फळं वेचली, बिया कुंडीत पेरल्या. केसाएवढे तीन कोंब आलेत. मुळं धरायला दोन-तीन वर्षं लागतील. रोज पाणी घालताना तात्या बेसूर ओवी म्हणतात. दुसरी ओळ दोनदा म्हणतात.

मित्रांनो, मातीतून काही घ्याल, तेव्हा खुरपीच्या भरवशावर राहू नका. आम्हाला नुसती धार असते. थांबायचं तुमच्या हातानं.