काही चुकलं असेल तर

एकतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. लोकांच्या चुका काढून पोट भरलं, त्यामुळे कुणी तोंड उघडलं की माझा हात अजून लाल पेनाकडे जातो. बायको माझ्या या खोडीला कंटाळूनच लवकर देवाघरी गेली, असं मी गमतीत म्हणायचो. आता ऐकायला घरात कुणी नाही, त्यामुळे गंमतही उरली नाही.

रविवारी चर्चहून आलो की घरी माझी एकट्याची उपासना चालते. क्रम तिथलाच: आधी पापांगीकार, मग उपकारस्तुती, शेवटी स्तवन. पापांगीकार मी अर्ध्या मिनिटात उरकायचो. "प्रभू, काही चुकलं असेल तर क्षमा कर." की लगेच गुडघेदुखी आणि वरच्या मजल्यावरचा गळका नळ यांची गाऱ्हाणी.

गेल्या रविवारी दुपारी एकुलतं एक ताट धुऊन बसलो, तेच वाक्य म्हटलं आणि अडलो. हे वाक्य कुणी छापायला आणलं असतं, तर 'काही'खाली रेघ मारून मी समासात लिहिलं असतं, 'म्हणजे नेमकं काय?'

नेमकं काय ते मला चांगलंच ठाऊक होतं. आईला माती दिल्यावर घरी प्रार्थना होती. धाकटी बहीण भरल्या घरात उभी राहून म्हणाली, "देवबापा, तुझे अपराध किती मोजू?" मी पटकन बोललो, "अपराध नाही गं, उपकार." दोघंतिघं हसले. ती खाली बसली. तिच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच. तिचं चर्च सुटलं, मग माझ्याकडे येणंही. नऊ वर्षं आमचं बोलणं वाढदिवसापुरतं.

मी फोन लावला.

"दादा? बरा आहेस ना?" वाढदिवस नसताना फोन म्हणजे कुणीतरी गेलं, असंच तिला वाटलं असणार.

"बरा आहे. आईच्या प्रार्थनेत मी तुझी चूक काढली होती, सगळ्यांसमोर. माझं चुकलं."



"चूक नव्हती ती," ती म्हणाली. "मला अपराधच म्हणायचं होतं. आई सात महिने तळमळत होती, दादा. मी बघत होते. मला देवाशी भांडायचं होतं, आणि तू मध्ये पडलास. मग मला त्याच्याशी बोलताच येईना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग आता भांड," मी म्हणालो. "मी मध्ये बोलणार नाही."

"आता नाही जमत. तूच कर प्रार्थना. मी ऐकते."

मी डोळे मिटले. 'काही' गाळलं आणि जे केलं ते केलं म्हणून सांगितलं. तिने फोन उचलला याचे उपकार मानले. आईपाशी ती होती याचे मानले, तेव्हा मी तिथे नव्हतो हेही सांगावं लागलं. मग स्तवन. "प्रभू, तू..." म्हटलं आणि पुढे जाईना. थोर, दयाळू, कृपावंत, सगळे शब्द मला ऱ्हस्व-दीर्घासकट पाठ. तिला ऐकवण्याजोगा त्यांतला एकही वाटेना. मला रडू फुटलं.

पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. तिने मला शब्द सुचवला नाही. कितीतरी वेळ नुसती थांबली, आणि मग हळूच म्हणाली, "आमेन."