दोन मुठींची करवत

ज्या कुणी आमच्या केंटकीत मत ओरडून द्यायची रीत पाडली, त्याने दोन भावांचं घर मोडलं!

मी करवत बोलतेय. पुरुषभर लांब, दोन टोकांना दोन मुठी. एका मुठीला थोरला एसा पर्सेल, दुसरीला धाकटा ईनॉक. एकट्याचं माझ्यापुढे काही चालत नाही. बापाने त्यांना शिकवलं होतं, "आपल्या पाळीला ओढायचं, दुसऱ्याच्या पाळीला सैल सोडायचं. ढकललंत तर पातं वाकेल." बाप गेल्यावरही बारा वर्षं त्यांनी ते पाळलं.

१८६०च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली. धार लावायला मला घेऊनच दोघे गावात आले. गिडियन लोहाराच्या दुकानासमोरच्या ओट्यावर मतदान चाललं होतं. कारकून नाव पुकारी आणि माणूस सगळ्यांदेखत आपला उमेदवार सांगे.

"एसा पर्सेल!"

"लिंकन."

गुलामगिरीविरुद्धच्या त्या उत्तरेकडच्या उमेदवाराला अख्ख्या गावात तेवढं एकच मत. शिट्ट्या सुरू झाल्या. "याला उत्तरेला पोचवा रे कुणीतरी!"

ईनॉक लालबुंद झाला. "दादा, चारचौघांत माझी लाज काढलीस!"

"इथे माणसं विकतात, त्याची लाज नाही वाटत?"

"मग तोड एकट्यानेच लाकडं! गिडियनकाका, करवत मधोमध कापा. अर्धी माझी."

"अर्धी करवत म्हणजे सुरा," लोहार म्हणाला. "भावाभावांच्या हातात मी सुरे देत नसतो."

वसंतात गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिणेत युद्ध पेटलं. एसा उत्तरेच्या फौजेत गेला, ईनॉक दक्षिणेच्या. मी खिळ्याला लटकून गंजत राहिले. खरं सांगते, मी एसाच्या बाजूची. मी वस्तू आहे, मला मालक असला तर चालतं. माणसाला कसा चालेल? पण वाट मात्र मी दोघांची पाहत होते.

चार वर्षांनी युद्ध संपलं. एसा उन्हाळ्यात परतला. त्याने माझा गंज काढला, तेल लावलं आणि एक मूठ धरून तो नुसताच बसून राहिला. ईनॉकची काहीच खबर नव्हती.

डिसेंबरात माणसांचा बाजार कायद्याने कायमचा उठला. त्याच महिन्यात कुंपणापाशी ईनॉक दिसला. डावी बाही रिकामी. आत येईना. एसाने मला ओंडक्यावर ठेवलं आणि एक मूठ त्याच्याकडे केली.

ईनॉकने उजव्या हाताने ती धरली. हुश्श! एका मुठीला एकच हात पुरतो.

पण सवय मोडली होती. त्याने ढकललं आणि मी वाकले.

"ओढ रे, ढकलू नकोस!"

"तू नको शिकवूस, लिंकनवाल्या!"

 मग एसाला हसू फुटलं आणि पाठोपाठ ईनॉकलाही. भुसा उडू लागला.

कुंपणाला रेलून गिडियन लोहार किती वेळ बघत होता, कोण जाणे. म्हणाला, "पुढच्या निवडणुकीला आधी ओंडका कापा, मग मत द्यायला या. दमलेला माणूस जरा हळू बोलतो."